कामावरचा राग आणि घरातला रक्तदाब



मागच्या अंकात मिठाविषयी लिहिलं, त्यावर चार फोन आले. तिघींनी विचारलं की सुके बोंबील अगदीच सोडायचे का. सोडू नका, पण चांगले भिजवून, पाणी दोनदा बदलून, आणि महिन्यातून एकदाच, असं मी त्यांना सांगितलं. चौथा फोन वेगळा होता. आपल्यातल्याच एक बाई, वय ऐंशीच्या आसपास. त्यांचा मुलगा लंडनमध्ये बस चालवतो. वय सेहेचाळीस. रोज कामावरून येतो तो धुमसतच. जेवताना बोलत नाही, बोललाच तर बायकोवर खेकसतो. बायकोने आग्रह करून केमिस्टकडे नेऊन प्रेशर बघितलं, तर १६४ वर ९८ निघालं. केमिस्ट म्हणाला, जी.पी.कडे जा. तो काही जात नाही.

"सिस्टर, हे रागाने झालंय का हो?" त्यांनी विचारलं. "त्याला नोकरी सोडायला सांगू का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. चाळीस वर्षं नर्सिंग केलं, लोकांच्या दंडाला किती वेळा पट्टा बांधला असेल याची मोजदाद नाही, आणि तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतःला १९८९ सालापासून विचारत आले आहे.

ते आधी सांगते, मग शास्त्राचं सांगते.

मी अलिबागची. शाळा मराठी, इंग्रजी फक्त पुस्तकातलं. १९७० साली नर्सिंग शिकायला इंग्लंडला आले आणि १९७३ साली आमचं लग्न झालं. हे पश्चिम लंडनमधल्या एका कारखान्यात मशीनवर होते. हात सोन्याचा. मशीन बिघडलं की फोरमन ह्यांनाच बोलवायचा, पण ह्यांचं नाव उच्चारायचे कष्ट त्याने चौदा वर्षांत एकदाही घेतले नाहीत. आडनाव लांब आहे म्हणून एक भलतंच छोटं नाव ठेवलं होतं आणि सगळा विभाग त्याच नावाने हाक मारायचा. ज्या पोरांना ह्यांनी काम शिकवलं, ती पोरं चार्जहँड झाली. हे तिथेच राहिले. घरी येऊन ह्यांनी एक शब्द कधी काढला नाही. कोट खुंटीला लावायचे, हात धुवायचे, ताटावर बसायचे, आणि आंब्याचं लोणचं इतकं घ्यायचे की मला दर महिन्याला नवीन बरणी उघडावी लागे. जेवण झालं की मागच्या दारात सिगारेट. शुक्रवारी संध्याकाळी मात्र माणूस बदलायचा. किड्डुश म्हणताना आवाज मोकळा असायचा. रविवारी दुपारपासून पुन्हा गप्प.

मी त्या काळात वॉर्डात रोज वीस-पंचवीस जणांचं प्रेशर घेत होते. ह्यांचं एकदाही घेतलं नाही. आता लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे ते खरं आहे. १९८४ साली एक दिवस ह्यांच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना, तेव्हा पहिल्यांदा मोजलं. १७६ वर १०८. वय चव्वेचाळीस. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी मला कळलं की ह्यांनी त्या बंद केल्यात. कारण विचारलं तर म्हणाले, "कारखान्यात कोणी गोळी घेताना बघितलं तर आजारी माणूस म्हणून पहिला मला काढतील." १९८९ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा पडला. स्ट्रोक लहान होता, चालू-बोलू लागले, आणखी बावीस वर्षं जगले. पण अक्षर गेलं. ह्यांचं मराठी अक्षर मोत्यासारखं होतं. गावी सासूबाईंना पत्र लिहायचं काम त्यानंतर माझ्याकडे आलं.

त्या फोरमनच्या वागण्याने झालं का हे? त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे हो म्हटलं असतं. आज इतक्या ठामपणे म्हणत नाही.

रागाने शरीरात काय होतं ते पाहू. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण म्हणतो. शरीराच्या दृष्टीने आग निघते ती मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून आणि मज्जातंतूंच्या टोकांतून. अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं रक्तात उतरतात. हृदय जोरात आणि भरभर ठोके देतं. लहान रक्तवाहिन्या आवळतात. पाणी तेवढंच, नळी अरुंद, आणि पंप जोरात, मग दाब वाढणारच. वाघ समोर आला तर पळायला किंवा लढायला ही व्यवस्था चांगली. फोरमनसमोर पळता येत नाही आणि लढताही येत नाही. माणूस उभा राहतो, "येस सर" म्हणतो, आणि आतला पंप वाघ आल्यासारखा चालू राहतो. मात्र हे लक्षात ठेवा की भांडणात चढलेला दाब भांडण संपल्यावर उतरतो. निरोगी माणसाचा थोड्या वेळात उतरतो. रात्री झोपेत तर दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. ज्याला आम्ही हाय ब्लड प्रेशर म्हणतो तो आजार निराळा, त्यात दाब शांत बसल्यावरही चढलेला असतो. म्हणून "काल भांडण झालं, म्हणून मला बीपी झालं" हे वाक्य बरोबर नाही.

पण रोजच भांडण असेल तर? किंवा भांडण न होता रोज राग गिळावा लागत असेल तर?

यावर विचार करणारा एक मोठा माणूस लंडनमध्येच होऊन गेला. जॉन हंटर. अठराव्या शतकातला नामांकित सर्जन, देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरचा गुरू. त्याला छातीत कळ येण्याचा आजार होता आणि स्वभाव तापट. जो कोणी लुच्चा मला डिवचेल त्याच्या हातात माझा जीव आहे, अशा अर्थाचं तो स्वतःच म्हणायचा. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तो सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या मंडळाच्या बैठकीला गेला. विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावरून वाद झाला, कोणीतरी त्याचं म्हणणं खोडून काढलं, तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळून मेला. वय पासष्ट. नंतर उघडून पाहिलं तेव्हा हृदयाच्या धमन्या कडक झालेल्या आढळल्या. म्हणजे आजार आधीपासून होता, रागाने शेवटचा धक्का दिला. हे हॉस्पिटल तेव्हा हाइड पार्क कॉर्नरला होतं. आता तिथे महागडं हॉटेल आहे. बसने त्या बाजूने गेलात तर बघा.

अलीकडच्या काळात अशा घटना मोजून पाहिल्या आहेत. २०१४ साली नऊ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की रागाचा मोठा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत हृदयाच्या झटक्याचा धोका एरवीच्या जवळजवळ पाचपट होतो. घाबरून जाऊ नका. एरवीच्या दोन तासांतला धोका इतका बारीक असतो की त्याची पाचपटही लहानच. पण ज्याच्या धमन्या आधीच खराब आहेत आणि जो दिवसातून चार वेळा भडकतो, त्याने हा हिशेब मनात ठेवावा.

आता नोकरदारांकडे येते. या विषयावरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं काम आपल्या लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झालं आहे. व्हाइटहॉल म्हणजे पार्लमेंटजवळचा तो रस्ता, जिथे सरकारी खाती बसतात. १९६७ साली तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. तेव्हा सगळ्यांचा समज असा की हार्टचा आजार साहेबांचा, जबाबदारीच्या ओझ्याचा. निघालं उलटंच. सगळ्यात खालचे, निरोप पोचवणारे आणि दारावर उभे राहणारे, यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा तिपटीहून जास्त. ते सिगारेट जास्त ओढत होते हे खरं, पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. मग १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात बायकाही घेतल्या, एकूण १०,३०८ माणसं. सर मायकल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यात दिसलं की ज्यांना आपल्या कामात स्वतःचं काही ठरवता येत नाही, कधी काय करायचं हे दुसराच सांगतो, त्यांना हृदयाचा आजार जास्त होतो.

व्हाइटहॉलच्या कामातली एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. कामाच्या जागी साहेबाचाही दाब चढतो आणि शिपायाचाही. पण घरी गेल्यावर साहेबाचा चांगला उतरतो, खालच्या हुद्द्यावरच्या माणसाचा तितका उतरत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचा कोट लावायची खुंटी आठवली. कोट खुंटीला लावला म्हणून काम उतरत नाही.

रागाविषयी खास विचारलं ते अमेरिकेत, डेट्रॉईट शहरात. अर्नेस्ट हार्बर्ग नावाचे संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांत घरोघर जाऊन प्रेशर मोजलं आणि प्रश्न विचारले. एक प्रश्न साधारण असा होता: तुमची चूक नसताना साहेब तुमच्यावर ओरडला तर तुम्ही काय कराल? काही म्हणाले, मीही ओरडेन. काही म्हणाले, मूग गिळून बसेन. आणि काही म्हणाले, तो थंड झाला की नंतर त्याच्याशी बोलेन. ज्यांनी हे तिसरं उत्तर दिलं त्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी निघाला. हे १९७९ साली छापून आलं. म्हणजे ओरडणं आणि गिळणं, दोन्ही एका पारड्यात, आणि नंतर बोलणं दुसऱ्यात. आपल्याकडे एकतर "मनात ठेवू नकोस, बोलून मोकळा हो" म्हणतात, नाहीतर "गप्प बस, मोठ्यांपुढे बोलू नये" म्हणतात. दोन्ही सल्ले अपुरे आहेत. १९८६ साली अमेरिकेतल्याच तासावर पगार घेणाऱ्या पुरुष कामगारांचा अभ्यास आला. नोकरीची खात्री नाही, बढती मिळत नाही, सोबत्यांशी जमत नाही, अशा त्रासाचा आणि रक्तदाबाचा संबंध राग दाबून ठेवणाऱ्यांमध्ये विशेष दिसला.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग झालं की सिद्ध. नाही. सगळ्याच अभ्यासांत हा संबंध दिसलेला नाही, आणि दिसला तिथेही तो फार मोठा नाही. वय, वजन, मीठ, दारू, बसून राहणं, आईवडिलांकडून आलेला वारसा, यांचं वजन कितीतरी जास्त. माझ्या सासऱ्यांनाही प्रेशर होतं, आणि ते अलिबागला स्वतःच्या दुकानात बसत, त्यांना ना फोरमन ना साहेब. म्हणून मी आज ठामपणे म्हणत नाही.

पण चाळीस वर्षांत जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. राग नेहमी सरळ धमनीत शिरतोच असं नाही, तो बऱ्याचदा आडवाटेने येतो. चिडलेला माणूस पाकिटभर सिगारेटी ओढतो. दोन पेग घेतल्याशिवाय त्याला झोप येत नाही. ताटात मीठ-लोणचं जास्त घेतो, कारण दिवसभरात तोंडाला चव येते ती तेवढीच. व्यायामाला "कशाला" म्हणतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॉक्टरकडे जात नाही, कारण आजारी ठरणं म्हणजे हार मानणं. आमच्या घरी राग ह्या वाटेने आला. त्या फोरमनने ह्यांचा दाब किती चढवला हे देवालाच ठाऊक, पण त्याच्या भीतीने ह्यांनी गोळ्या बंद केल्या हे मला ठाऊक आहे.

रागाचा आणखी एक रस्ता म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. (आपल्या कोकणातल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, तेव्हा तेलाची गोष्ट आपल्याला सांगायला नको.) फोरमनवरचा राग बायकोवर, बायकोचा मुलावर, मुलाचा मांजरावर. असं केल्याने पहिल्या माणसाचा दाब उतरत नाही, फक्त घरात चार जणांचा चढतो.

माझ्याही वाट्याला राग आला होता. आम्ही बाहेरून आलेल्या मुली, आम्हाला नीट न सांगता दोन वर्षांच्या एस.ई.एन. कोर्सला घातलं. बरोबरच्या गोऱ्या मुली तीन वर्षांच्या कोर्सला. आमच्या कागदाला भारतात किंमत नाही आणि इथे सिस्टर होता येत नाही, हे शेवटी कळलं. मी एका रात्री लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या ढिगाला बुक्क्या मारल्या होत्या. वरिष्ठांशी शांतपणे बोलायला मला पंधरा वर्षं लागली. बोलले तेव्हा नवीन मॅनेजर बाई म्हणाल्या, "आधी का नाही विचारलंस?" आणि कन्व्हर्जन कोर्सचा फॉर्म पुढे केला. आता त्या कोर्समुळे माझं प्रेशर कमी झालं असं मी म्हणणार नाही. मला गोळी चालू आहेच. पण झोप सुधारली.

एकट्याने बोलता येत नसेल तर चार जणांनी मिळून बोलता येतं. १९७६च्या ऑगस्टमध्ये विल्सडेनच्या ग्रनविक फोटो कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या, साडी नेसलेल्या, अगदी ठेंगण्या. त्यांच्यामागे आपल्या देशातल्या कितीतरी बायका. दोन वर्षं संप चालला. शेवटी १९७८मध्ये मागण्या मान्य न होता संपला, पण त्या बायकांचा राग अख्ख्या देशाने पाहिला. आमच्याकडे टीव्हीवर ते दाखवत तेव्हा हे हातातला घास तसाच ठेवून बघायचे. बोलायचे नाहीत. मी तेव्हा विचारायला हवं होतं.

बरं, आता त्या बस चालवणाऱ्या मुलाकडे.

बसचं काम हृदयाला कसं असतं याचाही अभ्यास लंडनमध्येच झालेला आहे, आणि फार जुना. जेरी मॉरिस यांनी डबल डेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ती छापून आली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा आजार कमी, आणि बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आता कंडक्टर राहिले नाहीत, ड्रायव्हर एकटाच. पहाटेची पाळी, उलटसुलट वेळा, रहदारी, तिकिटावरून शिव्या देणारे प्रवासी, आणि लघवीला जायलाही वेळ नाही. वेळापत्रक दुसऱ्याचं आणि उशीर झाला की दोष याचा. व्हाइटहॉलच्या शिपायापेक्षा हे वेगळं नाही.

मी त्या बाईंना फोन केला आणि म्हटलं, मुलाला माझ्याकडे पाठवा, मी काही विचारणार नाही. रविवारी तो आला. चहा घेतला. मी काही विचारलं नाही. कपात दुसऱ्यांदा चहा ओतला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "आंटी, जी.पी.कडे गेलो तर कॉम्प्युटरवर जाईल. लायसन्स गेलं तर घराचा हप्ता कोण भरणार?"

बघा, चाळीस वर्षांनी तेच वाक्य. फक्त फोरमनच्या जागी लायसन्स.

म्हणून नियम नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकांची मुलं बस, लॉरी चालवतात. नुसत्या ब्लड प्रेशरसाठी, गोळ्या चालू आहेत म्हणून, लायसन्स जात नाही. बस-लॉरीवाल्यांसाठी डी.व्ही.एल.ए.चा नियम असा की शांत बसलेल्या स्थितीत वरचा आकडा सतत १८० किंवा त्यावर, किंवा खालचा सतत १०० किंवा त्यावर राहत असेल, तर गाडी चालवणं थांबवायचं आणि त्यांना कळवायचं. दाब आटोक्यात आला आणि गोळ्यांनी गुंगी वगैरे येत नसेल तर पुन्हा चालवता येतं. म्हणजे १६४ वर ९८ असताना जो डॉक्टरकडे जाईल त्याचं लायसन्स वाचण्याची शक्यता जास्त, आणि जो भिऊन घरी बसेल त्याचा खालचा आकडा दोन पावलं पुढे गेला की खरोखरच पंचाईत. हे मी त्याला कागदावर लिहून दिलं.

मग पट्टा काढला. घरी मोजायची रीत सगळ्यांनीच लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे निम्म्या घरांत मशीन आहे आणि बहुतेक जण चुकीचं मोजतात. आधी लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकवून पाच मिनिटं बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही, आणि कोणी फोनवर भावजयीची तक्रार सांगत असेल तर आधी फोन ठेवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते हाय प्रेशर. दवाखान्यात हाच आकडा १४० वर ९०, कारण डॉक्टरला बघून बऱ्याच जणांचा दाब चढतो. ऐंशी ओलांडलेल्या आपल्या मंडळींचं प्रेशर गोळ्यांनी साधारण १५० वर ९०च्या खाली ठेवतात, घरच्या मोजणीत १४५ वर ८५. म्हणून नातवाचा आकडा बघून आपल्या गोळ्या वाढवू नका, डॉक्टरला विचारा. इंग्लंडमध्ये चाळीशीच्या पुढच्या, प्रेशरचं निदान न झालेल्या माणसाचं पुष्कळ केमिस्ट फुकट मोजतात. आणि १८० वर १२०च्या पुढे जाऊन छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हात लुळा पडला, गोंधळल्यासारखं झालं, तर मुलीला फोन करत बसू नका, ९९९.

त्याच्या कागदावर मी एक जादा रकाना आखला. शास्त्राच्या पुस्तकात तो नाही, माझा आहे. प्रत्येक आकड्यासमोर लिही: आज कामावर होतास का, आणि आज काय झालं. एकच ओळ. "कोणाला दाखवायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणालाच नाही.

आठवड्याने कागद आला. सरासरी १५४ वर ९४. सुट्टीच्या दोन दिवशी वरचा आकडा दहा-बारांनी कमी. कामाच्या दिवसांसमोरच्या ओळी मी इथे देत नाही, त्या त्याच्या आहेत. पण सातांपैकी चार दिवशी एकाच माणसाचा उल्लेख होता, पाळ्या लावणारा एक साहेब. सुट्टीच्या दिवशीही १४०च्या वर होतं, म्हणजे साहेब नसता तरी ह्याला प्रेशर होतंच. दोन्ही गोष्टी त्याला एकदम दिसल्या. मी काही समजावायची गरज पडली नाही.

तो जी.पी.कडे गेला. रक्त-लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला, रामिप्रिल सुरू केली. (या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो. आला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बदलून मागा. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, त्यालाही तेच.) आईला मी सांगितलं की कोशेर मटण मिठात ठेवून धुतलेलं असतं, त्यात थोडं मीठ उरतंच, तेव्हा रश्शात हात आखडता घ्या. दिवसाला सगळं मिळून सहा ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात पाव, पापड, लोणचं, सूप सगळं आलं. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांतही मीठासारखा सोडियम असतो आणि आयबुप्रोफेनने दाब चढतो, म्हणून गुडघेदुखीसाठी हे दोन्ही रोज घेणाऱ्यांनी केमिस्टशी बोलावं. पोटॅशियमचं पर्यायी मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रामिप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

पाळ्यांच्या साहेबाचं काय, तर त्याविषयी मी एकच माहिती दिली. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कामावरच्या ताणाच्या सहा बाजू ठरवून दिल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, माणसांचे संबंध, आपली भूमिका, आणि होणारे बदल. कामाच्या ताणाने होणारा धोका तपासणं हे मालकाचं कायदेशीर काम आहे. युनियनच्या प्रतिनिधीला घेऊन, त्या सहा शब्दांत मांडून, साहेब थंड असताना बोलता येतं. तो हसला. म्हणाला, "आंटी, तो थंड असतो कधी?" मग म्हणाला, बुधवारी तो सकाळी लवकर येतो, तेव्हा डेपोत कोणी नसतं.

आईने विचारलं होतं की नोकरी सोडायला सांगू का. मी म्हटलं, आत्ता नको. तीन महिने गोळी घेऊ दे, बुधवारचं बोलणं होऊ दे, स्टॉपपासून घरापर्यंत वीस मिनिटं चालत येऊ दे, म्हणजे वाटेत थोडं उतरेल. आणि तो घरात शिरला की लगेच "काय झालं" विचारू नका. चहा ठेवा. दुसऱ्या कपाला आपोआप बोलेल.

परवा त्यांचा फोन आला होता. बुधवार अजून उजाडायचा आहे, पण बूट आता दाराशी नीट ठेवतो म्हणाल्या.